वणवा

वणवा : वने व गवताळ प्रदेश यांतील वनस्पतींना लागून अनिर्बंधपणे पसरणारी आग. इंधन, ऑक्सिजन व उष्णता यांच्या संयोगाने ज्वलन होते. त्यांपैकी एक घटक दूर करणे हे वणवा विझविण्याचे मूलतत्त्व होय. वनस्पती तापली की प्रथम तिच्यातील पाणी निघून जाते. नंतर सुमारे 300° से. तापमानाच्या आसपास तिच्यातून बाहेर पडणारे ज्वालाग्राही वायू पेट घेतात. ज्वाला पुढील इंधनास आधीच तापवीत असल्याने वाऱ्याच्या दिशेने व चढावर वणवा वेगाने सरकतो. भारतातील बहुतेक वणवे पालापाचोळा व गवत जाळणारे असून ते मानवी कृतींमुळे लागतात. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळणे, तेंदूला नवी पालवी किंवा गुरांना कोवळे गवत मिळावे म्हणून आग लावणे, ही त्यांची नेहमीची कारणे होत.

इतिहास : डीट्रिख ब्रँडिस हे 1864 मध्ये भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. त्याच दशकात मध्य प्रांतातील बोरी येथील (विद्यमान मध्य प्रदेश) सागवनात कॅप्टन पिअर्सन यांनी वणव्यापासून संरक्षणाचा प्रयोग यशस्वी केला. उन्हाळ्यापूर्वी जाळरेषा काढणे व पहारा ठेवणे ही पद्धत त्यानंतर इतर प्रांतांत पसरली. भारतीय वन अधिनियम, 1927 अन्वये राखीव वनात आग लावणे हा अपराध ठरतो. तसेच तेथे हक्क असलेल्या रहिवाशांवर वणवा विझविण्यास साहाय्य करण्याचे बंधन आहे. अशा रीतीने वनवासींची जुनी रीत गुन्हा ठरली आणि आग विझविण्याचा भारही त्यांच्यावरच पडला.

या धोरणाविषयी खुद्द वनाधिकाऱ्यांतच मतभेद झाले. ब्रह्मदेशातील वनाधिकारी एच्. स्लेड यांनी 1896 मध्ये ‘इंडियन फॉरेस्टर’ या नियतकालिकात अतिसंरक्षणावर टीका केली. ओलसर वनांत आग थांबताच सदाहरित झुडपे माजतात व त्यांच्या सावलीत प्रकाशप्रिय सागाची रोपे वाढत नाहीत, असे आढळून आले. बंगाल व आसाममधील सालवनांतही असाच अनुभव आल्याने पुढे नियंत्रित जाळणीचा अवलंब करण्यात आला.

अमेरिकेतही हाच प्रश्न उद्‌भवला. ब्रँडिस यांच्या मार्गदर्शनाने युरोपात वनशास्त्र शिकलेले गिफर्ड पिंचो हे 1905 मध्ये तेथील वनसेवेचे पहिले प्रमुख झाले. आयडाहो व माँटॅना भागांत ऑगस्ट 1910 मध्ये दोन दिवसांत सुमारे 12 लाख हेक्टर क्षेत्र जळून 80 हून अधिक माणसे दगावली. त्यानंतर दमनाचे धोरण कडक होत गेले. प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत आटोक्यात आणावी, असा नियम 1935 मध्ये करण्यात आला. परंतु वारंवार लागणाऱ्या सौम्य आगींशी जुळलेल्या वनांत त्यामुळे इंधन साचत गेले व पुढील वणवे अधिक उग्र झाले. हा नियम 1978 मध्ये सोडून देण्यात आला. रिचर्ड रॉथरमेल यांनी 1972 मध्ये मांडलेल्या गणिती प्रतिमानामुळे इंधन, वारा व उतार यांवरून वणव्याच्या वेगाचा अंदाज करणे शक्य झाले.

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था 2004 पासून उपग्रहांच्या साहाय्याने वणव्यांची सूचना राज्यांना देते. तथापि प्रत्यक्ष शमन हिरव्या डहाळ्यांनी झोडपणे, पालापाचोळा झाडून पट्टा मोकळा करणे व समोरून प्रतिआग लावणे या जुन्या उपायांनीच मुख्यत्वे होते. आणि ते वनालगतच्या गावांच्या सहकार्याशिवाय शक्य होत नाही.