पृथक् अर्धवर्तुळाविषयी तळटीप

* प्रतिबाधेच्या (इम्पीडन्सच्या) आलेखातले पहिले अर्धवर्तुळ : लेखकाने हा सरसकट विद्युत्‌भार-हस्तांतरणाचा रोध धरला आहे. लिथियम-आयन सेलमध्ये एवढी घाई करू नये. किलोहर्ट्‌झच्या आसपासचे अर्धवर्तुळ पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि तिच्यावरचा लेप यांच्यातल्या कच्च्या संपर्कामुळेही उमटते. पडताळा सोपा आहे : सेल २५ अंश सेल्सियसवरून ५ अंशांवर आणावा. हस्तांतरणाचा रोध काही पटींनी वाढतो. संपर्काचा जवळपास तेवढाच राहतो. शिवाय दोन इलेक्ट्रोडच्या मोजणीत धन आणि ऋण या दोहोंची बेरीज येते. ती फोडायला तिसरा, संदर्भ इलेक्ट्रोड लागतो. पुढील आलेखांत तो वापरलेला नाही, म्हणून त्यांतले आकडे पूर्ण सेलचे समजावेत. — संपा.