माणगंगेचें पात्र आणि राजेवाडीचा गाळ

म्हसवडास सिद्धनाथाच्या दर्शनाला जाणारा प्रवासी माणगंगेचें पात्र बहुधा कोरडेंच पाहतो. या नदीनें डोंगर कोरून सारा माणदेश घडविला, असें त्यास सांगितलें तर तो हंसेल. आम्हांसही प्रथम ही अतिशयोक्तीच वाटली होती.

सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून लाव्हारस वाहून आला. त्याचे थर एकावर एक थिजून दख्खनचा काळा पत्थर झाला. भूशास्त्रज्ञ त्यास 'ट्रॅप' म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ पायरी. शंभुमहादेवाच्या डोंगरांची उतरण पाहिली म्हणजे हें नांव पटतें. या पत्थराच्या सांध्यांत पाणी शिरतें, खनिजें कुजतात, आणि कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें थर सुटत सुटत आधीं मुरूम, मग माती होते. पाऊस येथें थोडा, वर्षाकांठीं वीस इंचांच्या आंतबाहेर. पण येतो तो पुष्कळदां चारदोन सरींत, आणि उघड्या माळावर त्यास अडविणारें गवत नसतें. वर्षभर निजलेली नदी मग दोन दिवसांत आपलें काम उरकून घेते.

एडिंबरोच्या जेम्स हटननें १७८५ मध्यें हेंच मांडलें होतें: आज डोळ्यांपुढें चाललेल्या क्रियाच, पुरेसा काळ मिळाल्यास, पृथ्वीचें रूप पालटतात. काळाचा हा हिशोब मनुष्यबुद्धीस पेलत नाहीं हें खरें. परंतु माणदेशांत त्याचा पुरावा चारपांच पिढ्यांतच हातीं येतो. १८७६-७७ च्या दुष्काळांत उपाशी लोकांस काम देण्यासाठीं म्हसवडच्या खालच्या अंगास राजेवाडीच्या तलावाचें काम काढण्यांत आलें. एरवीं माणगंगा आपला गाळ पंढरपूरच्या खालीं भीमेस देते, भीमा कृष्णेस, कृष्णा पूर्वसमुद्रास. भिंत आडवी येतांच पाण्याचा वेग मोडला आणि गाळ तेथेंच बसूं लागला. दुष्काळावर उपाय म्हणून बांधलेला तलाव दुष्काळी शेतांच्याच मातीनें उथळ होत जावा, ही थट्टा कोणा माणसानें केलेली नाहीं. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याची माती जाते, खालच्याचें पाणी. एकाच पुरानें दोघेही नागवले जातात.

शेताच्या उतारावर दगडी ताल घालण्याची चाल जुनी आहे. ताल फुटला कीं त्याच जागीं घळ पडूं लागते, आणि दुसऱ्या पावसाळ्यांत तींत उभा माणूस दिसेनासा होतो. म्हणून जाणता कुणबी मृगापूर्वीं आधीं ताल पाहतो, मग बियाणें. तलावांतील गाळ उपसून शेतांत टाकण्यास सरकारनेंही २०१७ पासून योजना करून हातभार लावला. उन्हाळ्यांत तळ उघडा पडला म्हणजे तो काळा गाळ वाहनांत भरला जातो, आणि नदीनें खालीं आणलेली माती चढावरून पुन्हा शेताकडे निघते.