खोडदची रेडिओ-दुर्बीण : संगणककर्मींचे कार्यसमाधान व श्रेय

जुन्नर परिसरातील लेण्यांचे शिलालेख हे प्राचीन महाराष्ट्राच्या आर्थिक व सामाजिक इतिहासाचे एक मोलाचे साधन होय. धान्याचे व्यापारी, कासार, बांबूकाम करणारे ह्यांच्या श्रेणींचे उल्लेख त्यांत आढळतात. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम ह्याने ४६ व्या वर्षी दिलेल्या मंडपाची व पाण्याच्या टाक्याची नोंद मानमोडी डोंगरावर आजही वाचावयास मिळते. दात्याचे नाव, त्याचा व्यवसाय, दानाचे स्वरूप हे सर्व त्यांत येते. परंतु ही अक्षरे ज्यांनी दगडात कोरली त्यांची नावे सहसा आढळत नाहीत. नोंदीचा कर्ता आणि नोंदीत नाव येणारा हे दोघे निराळे असावेत, ही गोष्ट प्राचीन काळापुरतीच मर्यादित नाही. ह्याच जुन्नर तालुक्यातील खोडद गावी विसाव्या शतकाच्या अखेरीस जे प्रचंड माहितीयंत्र उभे राहिले, त्याच्या इतिहासातही हा प्रश्न वेगळ्या रूपाने उपस्थित होतो.

नारायणगावाच्या पूर्वेस खोडद येथे असलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप (जी.एम.आर.टी.) ही टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारलेली दुर्बीण होय. तिचे प्रवर्तक प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) ह्यांनी तत्पूर्वी उटी येथील रेडिओ-दुर्बीण १९७० मध्ये पूर्ण केली होती. खोडदच्या योजनेस १९८७ मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि १९९० नंतरच्या दशकात बांधकाम झाले. ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने असून उरलेल्या १६ तबकड्या तीन भुजांवर विखुरलेल्या आहेत; त्यांपैकी दक्षिणेकडील भुजा आंबेगाव तालुक्याच्या दिशेने जाते. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी असणे व भोवतालच्या डोंगरांचा आडोसा मिळणे, ही स्थळनिवडीची प्रमुख कारणांपैकी दोन होत. जानेवारी २००२ पासून ही दुर्बीण जगातील सर्व संशोधकांस खुली आहे.

दुर्बीण म्हटले की तबकड्या डोळ्यांपुढे येतात. वस्तुतः तिचे कार्य माहितीवरील प्रक्रियेचे आहे. प्रत्येक तबकडीने टिपलेला क्षीण संकेत प्रकाशतंतूंच्या मार्गे खोडदच्या मध्यवर्ती केंद्रात येतो. तेथे ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्यांतील संकेतांचा परस्परसंबंध क्षणोक्षणी काढावा लागतो. हे काम करणाऱ्या यंत्रणेस सहसंबंधक म्हणता येईल. ह्याखेरीज सर्व तबकड्यांस एकाच वेळी आज्ञा देणे, बाह्य संकेतांचा उपद्रव ओळखणे, मिळालेली माहिती साठविणे व संशोधकांच्या हाती देणे ही कामे रात्रंदिवस चालू असतात. अर्थात् खोडद हे खगोलशास्त्राचे केंद्र आहे, तितकेच ते माहिती-तंत्रज्ञानाच्या कामाचेही केंद्र आहे.

अशा कामातील समाधानाचा विचार करताना फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांचे सहकारी ह्यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस ह्यांच्या मुलाखतींवरून त्यांनी असे प्रतिपादिले की, असमाधान बहुधा वेतन, देखरेख व कार्यालयीन धोरण ह्यांतून उद्भवते, तर समाधान कार्यसिद्धी, मान्यता, जबाबदारी व प्रत्यक्ष काम ह्यांतून लाभते. त्यांच्या विवेचनातील एक बारकावा पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. मान्यतेने होणारा आनंद वारंवार आढळतो, पण तो अल्पकाळ टिकतो. कामाचे स्वरूप व जबाबदारी ह्यांतून येणारे समाधान अधिक टिकाऊ असते. पुढे हॅकमन व ओल्डहॅम ह्यांनी १९७६ मध्ये कौशल्यांचे वैविध्य, कामाची अखंडता, कामाचे महत्त्व, स्वायत्तता व फलनिष्पत्तीचे ज्ञान असे कामाचे पाच गुण सांगितले.

ह्या कसोट्या लावल्या असता खोडदच्या कामाचे वैशिष्ट्य स्पष्ट होते. परदेशातील ग्राहकासाठी एखाद्या मोठ्या प्रणालीचा तुकडा रचणाऱ्या संगणककर्मीस ती प्रणाली पूर्णत्वाने पाहावयास मिळतेच असे नाही. उलट येथे तबकडीच्या जाळीपासून संगणकीय आज्ञावलीपर्यंत संपूर्ण यंत्रणा एकाच परिसरात दृष्टीसमोर असते. आज्ञावलीतील दोष त्याच रात्रीच्या निरीक्षणात उमटतो आणि सुधारणेचे फळही तत्काळ दिसते. अखंडता व फलनिष्पत्तीचे ज्ञान हे दोन्ही गुण कामाच्या घडणीतच आहेत. समाधानाची साधने अशी जवळ असली, तरी मान्यतेचा मार्ग मात्र दूरचा आहे, कारण विज्ञानात मान्यता मुख्यतः शोधनिबंधाच्या लेखकत्वातून मिळते.

जी.एम.आर.टी.च्या निरीक्षणांवर आधारलेल्या निबंधांच्या शेवटी एक ठरावीक वाक्य येते. ही निरीक्षणे शक्य करणाऱ्या दुर्बिणीवरील कर्मचारीवर्गाचे त्यात आभार मानलेले असतात. दुर्बीण चालविणाऱ्यांचा निबंधातील प्रवेश बहुधा ह्या एका वाक्यापुरताच असतो. तोही सामूहिक आणि नामरहित. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू नाही. ज्याने प्रश्न विचारला व उत्तराचा अर्थ लावला तो लेखक, आणि ज्याने उत्तर मिळण्याची सोय केली तो साहाय्यक, अशी ही जुनी विभागणी आहे. इतिहासकार स्टीव्हन शेपिन ह्यांनी १९८९ मध्ये सतराव्या शतकातील प्रयोगशाळांच्या संदर्भात ‘अदृश्य तंत्रज्ञा’ची जी चर्चा केली, तिचेच हे आधुनिक रूप म्हणावयास हरकत नाही.

काम व श्रेय ह्यांतील अंतर एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. २०१० ते २०१२ ह्या काळात जी.एम.आर.टी.ने १५० मेगाहर्ट्झ ह्या कंप्रतेवर आकाशाचे विस्तृत सर्वेक्षण केले. निरीक्षणांस सुमारे २,००० तास लागले. ह्या माहितीचे खुल्या संग्रहातून पुन्हा विश्लेषण करून ह्यूब इंटेमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ-स्रोतांची सूची प्रसिद्ध केली. तिने आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग व्यापला आहे. अभ्यासकांच्या लेखनात आता ह्या सूचीचा उल्लेख तिच्या कर्त्यांच्या नावाने होतो. हे श्रेय सर्वथा उचित आहे. इंटेमा ह्यांनी त्यासाठी वापरलेली आज्ञावली स्वतः रचलेली होती. परंतु ह्यावरून एक नियम सूचित होतो. संगणकीय काम जेव्हा स्वतंत्र विद्याविषय म्हणून लिहिले जाते, तेव्हा कर्त्याचे नाव राहते. जेव्हा ते केवळ सेवा म्हणून गणले जाते, तेव्हा ते आभाराच्या वाक्यात विलीन होते.

खोडदच्या इतिहासातच ह्या नियमाचे दुसरे प्रमाण मिळते. प्रारंभीचा सहसंबंधक खास त्याच कामासाठी रचलेल्या विद्युत्-मंडलांचा होता. पुढे बाजारात सहज मिळणाऱ्या ४८ संगणकांचा समूह जोडून हेच काम आज्ञावलीद्वारे करणारी यंत्रणा सिद्ध झाली. तिचे वर्णन करणारा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जयंत रॉय, यशवंत गुप्ता, ऊ-ली पेन, जेफ्री पीटरसन, संजय कुदळे व जितेंद्र कोडिलकर हे त्याचे सहा लेखक होत. येथे कोणताही नवा तारा सापडल्याचा दावा नव्हता. यंत्रणेची रचना हाच निबंधाचा विषय होता. म्हणूनच ती घडविणारे नावानिशी पुढे आले. नंतरच्या नूतनीकरणात ग्रहणक्षम कंप्रतापट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढविण्यात आला, आणि त्या कामाविषयीही असे तांत्रिक निबंध लिहिले गेले.

मान्यतेचा आणखी एक प्रकार संस्थात्मक होय. २०२० च्या अखेरीस इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर्स ह्या जागतिक संघटनेने जी.एम.आर.टी.ची ‘माइलस्टोन’ म्हणून निवड केली. भारतातील कार्यास मिळालेला हा तिसराच असा मान. पूर्वीचे दोन जगदीशचंद्र बोस व चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांच्या कार्यास मिळाले होते. आधीचे मान दोन व्यक्तींच्या नावांशी निगडित होते, तर हा मान एका यंत्रणेस आणि पर्यायाने तिच्या मागील अभियांत्रिकीस मिळाला. गोविंद स्वरूप त्याच वर्षी सप्टेंबरात निवर्तले होते. ग्रामीण परिसराकडून मिळणारी ओळखही दुर्लक्षणीय नाही. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त फेब्रुवारीच्या अखेरीस दुर्बीण लोकांस खुली केली जाते. त्या वेळी शाळांतील मुले येथील अभियंत्यांना प्रत्यक्ष प्रश्न विचारतात. शोधनिबंधात न दिसणारा कर्मी तेथे समोर उभा असतो.

एवढ्या मोठ्या सामूहिक उद्योगात प्रत्येकाचे नाव घेणे अशक्य आहे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अंशतः खरा आहे. तथापि प्रश्न प्रत्येक निबंधावर शंभर नावे घालण्याचा नसून, संगणकीय रचनेस लेखनयोग्य ज्ञान मानण्याचा आहे. हर्झबर्ग ह्यांचा निष्कर्ष ग्राह्य धरला तर कामातील समाधान पुरस्कारावाचूनही टिकू शकेल. परंतु इतिहास समाधानावर लिहिला जात नाही, तो नोंदींवर लिहिला जातो. लोखंडी तबकड्या दीर्घकाळ उभ्या राहतील. आज्ञावली मात्र दर काही वर्षांनी बदलते आणि जुनी पुसली जाते. तिच्याबरोबर कर्त्याचे नावही जाते. म्हणून अंतर्गत तांत्रिक अहवाल, निरीक्षणांच्या नोंदवह्या आणि आज्ञावलींच्या जुन्या आवृत्त्या ह्यांकडे ऐतिहासिक साधने म्हणून पाहणे अगत्याचे आहे. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या आधुनिक इतिहासाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पेशवेकालीन दफ्तरांइतकीच आस्था ह्या साधनांविषयी दाखविली, तर माहितीयुगातील श्रमिकांचा इतिहास नावांसह लिहिता येईल.