गोवराचा इतिहास आणि घरचे पथ्यपाणी

भगिनींनो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीही तान्ह्या मुलांची दुखणी काढता काढता गोवराविषयी जे वाचनात आले, ते आपल्यापुढे ठेवते.

गोवर पसरतो कसा, हे नीट कळले ते १८४६ साली. अटलांटिक महासागराच्या उत्तर भागात फॅरो नावाची डेन्मार्कची बेटे आहेत. तेथे ६५ वर्षे गोवर आला नव्हता. त्या वर्षी तो जहाजातून आला आणि ७,७८२ वस्तीपैकी सहा हजारांवर माणसे अंथरुणाला खिळली. पानुम नावाचा पंचविशीतला डॉक्टर तेथे गावोगाव हिंडला. लागण झाल्यापासून सुमारे चौदाव्या दिवशी पुरळ उठतो, हे त्याने हिशेबाने काढले. आणखी एक नवल म्हणजे, १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा आला नाही.

आपल्याकडे गोवर आला की दाराला कडुलिंबाचा डहाळा, घरात फोडणी बंद. हसणाऱ्यांनी खुशाल हसावे. डहाळा पाहून परकी मुले उंबऱ्याशीच थांबत, एवढा गुण त्यात होता. मात्र पुरळ दिसण्याआधी चार दिवसांपासूनच हा रोग दुसऱ्याला लागतो. डहाळा बांधेपर्यंत पाळण्यातल्या भावंडाला लागण होऊनही जाते.

मला मुळीच न पटणारी चाल म्हणजे आजारी मुलाला उपाशी ठेवणे. १९३२ साली लंडनमध्ये डॉक्टर एलिसन यांनी गोवराच्या ६०० मुलांपैकी ३०० मुलांना माशाच्या तेलातून अ जीवनसत्त्व दिले. त्यांतली ११ दगावली. ज्यांना दिले नाही त्यांतली २६. आजही डॉक्टर गोवरात लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्व देतात. ते आपल्या मनाने देऊ नये. पण अंगावरचे दूध तोडू नये, मोठ्याला पेज, वरणाचे पाणी, मऊ भात थोडा थोडा द्यावा, कोमट पाण्याने अंग पुसावे, हे तर आपल्याच हातचे. श्वास भरभर चालला, बाळ दूध ओढेना, झटका आला की गुंगी आली, तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा. गोवरात मुले जातात ती बहुधा न्यूमोनियाने नाहीतर जुलाबाने.

लस अमेरिकेत १९६३ साली आली, आपल्या सरकारी कार्यक्रमात १९८५ साली. पहिली मात्रा ९ ते १२ महिन्यांत, दुसरी १६ ते २४ महिन्यांत. त्याहून लहान बाळाने काय करावे? आईकडून मिळालेली शक्ती काही महिन्यांत ओसरते. २०२२ साली मुंबईत गोवंडीकडे साथ आली, मुले दगावली. तेव्हा ६ ते ९ महिन्यांच्या बाळांनाही जादा मात्रा द्यावी लागली. एरवी या वयात त्यांचा भरवसा घरातल्या नि शेजारच्या मोठ्या मुलांवरच. आपल्या आळीत पाळणा हलतो आहे अशी घरे मोजली, तर त्यांच्या आजूबाजूच्या किती मुलांच्या कार्डावर दुसऱ्या मात्रेची तारीख सापडेल?