प्रवाहशिल्पे व जलपुनरुज्जीवन : शहापूर–मुरबाड परिसर

सार्वजनिक स्थळी पाषाण, धातू वा काँक्रीट यांच्या घडीव पात्रांतून वाहत्या पाण्यास विशिष्ट गती व वळण देणाऱ्या, आणि ज्यांचे सौंदर्य त्या पात्रांहून त्यांतील पाण्याच्या चलनवलनावर अधिक अवलंबून असते, अशा रचनांना प्रवाहशिल्पे म्हणता येईल. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी शहरासाठी बांधविलेली भूमिगत नहर, त्याच शहरातील पाणचक्कीच्या हौदात उंचावरून कोसळणारी धार आणि नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत कात्रजहून पुण्यात आणलेला नळ पाहिला, म्हणजे पाण्याचे वैभव यंत्राविना, निव्वळ उताराच्या बळावर उभे करण्याची विद्या महाराष्ट्रास नवखी नव्हती, हे ध्यानी येते.

या प्रकारास पर्यावरणाच्या कार्याशी जोडण्याचे श्रेय मुख्यत्वे जॉन विल्क्स या इंग्रज शिल्पकारास जाते. त्याने १९७० मध्ये सिद्ध केलेल्या मांडणीत एकाखाली एक अशी जोडपात्रे असतात आणि त्यांची प्रवेश-निर्गमनाची तोंडे अशा प्रमाणात अरुंद ठेवलेली असतात, की सरळ आलेला प्रवाह अस्थिर होऊन डावी-उजवीकडे झोके घेत इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणे फिरतो. पाण्याचा पृष्ठभाग वारंवार उलटापालटा झाल्याने हवेतील प्राणवायू त्यात विरघळतो व सेंद्रिय मळ कुजविणाऱ्या सूक्ष्मजीवांस तो उपयोगी पडतो. स्वीडनमधील यार्ना येथे सांडपाण्याच्या तळ्यांवर अशी पात्रे बसविली गेली ती याच हेतूने. या लयीमुळे पाण्यात काही जीवनशक्ती संचरते, असे जे विल्क्सचे अनुयायी सांगतात, त्यास मात्र प्रयोगसिद्ध आधार नाही, आणि शिल्पाच्या गुणवत्तेस त्याची गरजही नाही. चीनमधील चेंगदू येथे बेट्सी डेमन या कलावतीच्या कल्पनेतून १९९८ मध्ये साकारलेल्या जलोद्यानात नदीचे पाणी निवळतळी, प्रवाहशिल्पे व पाणवनस्पतींचे वाफे यांतून क्रमाने जाते. एवढ्याने नदी शुद्ध होत नाही, परंतु शुद्धीकरणाची क्रिया नागरिकांस डोळ्यांनी पाहता येते, आणि शिल्पाकडून याहून अधिकाची अपेक्षा करणे अन्यायाचे होय.

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके या विषयाची अवघड कसोटी आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी पाऊस सुमारे अडीच हजार मिलिमीटर पडतो, उतारास तोटा नाही, आणि भातसा, काळू, शाई यांसारख्या नद्या श्रावणात दुथडी भरून वाहतात. तरीही चैत्र-वैशाखात अनेक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते व बायाबापड्यांना कोरड्या पात्रात डवरे खणून, वाटीवाटीने पाणी भरावे लागते. याचे एक मूळ मुंबईच्या पाणीपुरवठ्यात आहे. १८६४ साली मुंबईच्या कोटात फ्लोरा फाउंटन उभे राहिले, तेव्हा विहार तलावाचे पाणी शहरात येऊन चार वर्षे झाली होती. १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी आले आणि तेव्हापासून महानगराची तहान शहापुरात शिरली ती कायमची. पुढे मोडकसागर व भातसा या धरणांची भर पडली. तानसाचे पाणी उताराने मुंबईस जाते. तलावाच्या आसपासच्या टेकड्यांवरील पाड्यांना मात्र तेच पाणी वर चढवून घ्यावे लागते, म्हणून ज्या उतारावर प्रवाहशिल्प जगते तोच उतार येथील रहिवाशांच्या मुळावर आला आहे.

या टंचाईस भूरचनाही कारणीभूत आहे. बेसाल्टच्या एकावर एक थरांत पाणी फटींतून व सच्छिद्र भागांतून मुरते आणि खालचा घट्ट कातळ लागला की डोंगरउतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. वरचे रान तुटले व माती धुपली, की मुरणे कमी होते आणि झरा माघ-फाल्गुनातच आटतो. प्राचीनांनी या स्वभावाशी जुळते घेतले होते. मुरबाडच्या वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढताना लागणारी कातळकोरीव टाकी पावसाचे पाणी अडवून वाटसरूंची सोय करीत. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि जवळच जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजणही. लोक रांजण पाहून परततात, टाक्यांकडे क्वचितच लक्ष जाते.

म्हणून या परिसरातील पुनरुज्जीवनाचा क्रम माथ्यापासून आरंभावा लागतो : प्रथम उतारावरील समतल चर व झाडोरा, नंतर ओहोळांवरील दगडी बांध, आणि पावसाळा सरताच, प्रवाह अजून जिवंत असताना, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू-माती भरून घातलेले वनराई बंधारे, जे गावोगावी श्रमदानाने उभारले जातात व पुढच्या पुरात वाहून गेले तरी त्यांचे कार्य तोवर झालेले असते. गाळ काढलेला झरा वैशाखापर्यंत वाहता राहिला, तरच त्याच्या मुखाशी पायऱ्यापायऱ्यांची पात्रे बसविण्यात अर्थ आहे. कोरड्या पात्रांस विजेच्या पंपाने टँकरचे पाणी पुरविणे ही निव्वळ थट्टा ठरेल. सह्याद्रीतील ओढे पहिल्याच पुरात दगडगोटे व गाळ आणून घडीव पात्रे बुजवून टाकतात, हे लक्षात घेता असे शिल्प मुख्य प्रवाहात न मांडता बाजूस काढलेल्या पाटावर मांडावे, पाटाच्या तोंडाशी गाळ बसण्यास कुंडी ठेवावी, आणि आषाढ-श्रावणात ते तोंड फळ्या लावून बंद करण्याचा बंदोबस्त ग्रामपंचायतीकडे सोपवावा.