मानमोडी, खाडा आणि लसीचा हिशेब

इ. स. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीस मराठी मुलखात ‘मानमोडी’ हे नाव पडले. त्या काळी पाटोदा तालुका निजामाच्या राज्यातील बीड जिल्ह्यात असून त्याच्या शेजारचा जामखेड तालुका इंग्रजी अमलाखाली होता. साथीने अर्थातच ही सरहद्द मानली नाही. मुंबईत जूनमध्ये सौम्य रूपाने दिसलेला हा रोग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये संहारक होऊन परतला. हिंदुस्थानातील मृत्यूंचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटींपर्यंत केले गेले आहेत. हैदराबाद संस्थानची लोकसंख्या 1911 मध्ये 1 कोटी 33 लाखांच्या वर होती. ती 1921 च्या शिरगणतीत 1 कोटी 25 लाखांच्या खाली आली. या घटीत प्लेगचा व दुष्काळाचाही वाटा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या साथीने वीस ते चाळीस वर्षे वयाची धडधाकट माणसे विशेषेकरून नेली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु जी माणसे पंधरा-वीस दिवस अंथरुणाला खिळून पुन्हा उठली, त्यांच्याकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता आणि साथीचा जोर नेमका खरिपाच्या काढणीच्या व रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर आला. मृत्यूचा आकडा दप्तरात उतरला. न झालेल्या पेरणीचा उतरला नाही. निरोगी प्रौढांना लस टोचणे परवडते की नाही, या प्रश्नाचे उत्तर मात्र मुख्यतः या दुसऱ्या नुकसानीवरच अवलंबून असते.

1918 मध्ये खरी लस नव्हतीच. जीवाणूंपासून केलेल्या तत्कालीन लसी मूळ विषाणूपुढे निरुपयोगी होत्या. तो विषाणू माणसात ओळखला गेला 1933 मध्ये, आणि वापरण्याजोगी लस आली ती त्यानंतरच्या दशकात. पुढे अमेरिकेत निरोगी कामकऱ्यांवर दोन प्रसिद्ध प्रयोग झाले. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिनेसोटातील प्रयोगात दर माणशी सुमारे 47 डॉलरांची बचत दिसली. उलट 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, लस विषाणूशी जुळली नाही त्या हंगामात सुमारे 66 डॉलर, आणि उत्तम जुळली त्या हंगामातही सुमारे 11 डॉलर दर माणशी निव्वळ खर्च झाला. हा विरोध केवळ वैद्यकीय नव्हे. बुडालेल्या दिवसाची किंमत काय धरावी, यावर अशा गणिताची बरीचशी भिस्त असते.

पाटोद्याच्या ऊसतोड कामगारांपुरती ही किंमत रोकडी आहे. पतिपत्नी मिळून एक ‘कोयता’. दोघांपैकी एकाने अंग टाकले तरी ‘खाडा’ पडतो. मजुरी तर बुडतेच, शिवाय 500 रुपयांपर्यंत वा त्याहून अधिक दंड उचलीच्या खात्यावर चढतो. खासगी दवाखान्यात लसीस सामान्यतः हजाराहून अधिक रुपये पडतात. म्हणजे दोन-तीन खाडे टळले तर लस फिटली, असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि लस घेणाऱ्या प्रत्येकाला त्या वर्षी इन्फ्लुएंझा झालाच असता, असे नव्हे. शंभर निरोगी माणसांपैकी थोड्यांचेच खाडे टळतील. खर्च मात्र शंभरांचा. 2015 पासून महाराष्ट्र शासनाने गर्भवती, मधुमेही इत्यादी जोखमीच्या गटांना मोफत लस देऊ केली आणि निरोगी प्रौढांना वगळले, ते या दृष्टीने मला अवाजवी वाटत नाही.

ऋतूची अडचण निराळीच आहे. महाराष्ट्रात इन्फ्लुएंझाचा मुख्य भर पावसाळ्यात असतो व हिवाळ्यात त्याहून लहान उठाव होतो. त्यामुळे लस एप्रिल-मे महिन्यांत घ्यावी, असा सल्ला दिला जातो. तोडीचा हंगाम सुरू होतो दिवाळीच्या आसपास. उन्हाळ्यात टोचलेल्या लसीचा प्रभाव काही महिन्यांत ओसरू लागतो. म्हणजे ती गावाकडील खुरपणीचे दिवस राखील, पण खाड्याचे दिवस तितकेसे राखणार नाही.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने मुकादमांच्या वह्यांतील खाड्यांच्या तारखा कारखान्यांच्या परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या बाह्यरुग्ण नोंदींशी पडताळून पाहाव्यात. वहीतील खाडा दिवस सांगतो. ताप कोणता, हे सांगत नाही.