नाव न विचारता ठेवलेला पेला

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांपैकी कोणत्याही रस्त्याने दिवेलागणीच्या सुमारास बाहेर पडावे आणि पहिल्या आडव्या गल्लीत वळावे, म्हणजे पत्र्याच्या छपराखाली चार बाकडी मांडलेले, दारातच कढई चढवलेले आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी लावलेले एखादे लहानसे हॉटेल हटकून दृष्टीस पडते. मराठवाड्यात हॉटेल या शब्दाने मुक्कामाची जागा सूचित होत नाही. चहा, भजी आणि साधे जेवण जिथे मिळते, ओळखीचा माणूस जिथे घटकाभर विसावतो, ती जागा म्हणजे हॉटेल. अशा ठिकाणी मी गेली कित्येक वर्षे सायंकाळचे जेवण घेत आलो आहे, आणि दर वेळी एकच गोष्ट माझ्या मनात घर करून राहते: बाकावर बसताक्षणी वाढपी पाण्याने भरलेला पेला समोर ठेवतो, तो नाव विचारीत नाही, गाव विचारीत नाही, जात तर मुळीच विचारीत नाही. ही कृती आज इतकी सहज झाली आहे की तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. परंतु त्या पेल्याला असा समोर येऊन पोहोचायला या प्रदेशात शतकांचा प्रवास करावा लागला, आणि तो प्रवास सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

घराबाहेर शिजलेले अन्न मोल देऊन खाणे ही कल्पना आपल्या बहुतेक पूर्वजांना परकी होती. धर्मशास्त्राने अन्नविक्रय हा निंद्य व्यवहार मानला होता, आणि अन्न हे एक तर स्वगृही खावे, नाही तर दान म्हणून स्वीकारावे, असाच लोकाचार होता. गोदातीरावरून कंधारकडे किंवा उदगीरवरून बीदरकडे निघालेला मुसाफिर बरोबर शिदोरी घेई. ती संपली की सराईत किंवा धर्मशाळेत छप्पर मिळे, मोद्याकडून शिधा मिळे, बैलांना वैरण मिळे, पण चूल मात्र ज्याची त्याने तीन दगड मांडून पेटवायची असे. एकाच पिंपळाखाली दहा चुली धुमसत असत आणि दहा जातींचे धूर वर जाऊन एक होत. खाली मात्र माणसे पाठीला पाठ लावून जेवत. दत्तात्रेय निद्रेसाठी माहूरला येतात आणि भिक्षेसाठी कोल्हापूरला जातात, अशी आपल्याकडील श्रद्धा आहे. देवालाही रोजचे अन्न भिक्षेच्या रूपानेच कल्पावे, यातच त्या समाजाची अन्नविषयक दृष्टी प्रकट होते.

या पाठमोऱ्या जेवणाला पहिले मोठे उत्तर नांदेडने दिले. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेड येथे गोदावरीच्या काठी देह ठेवला, आणि त्या स्थळी महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयाने १८३२ ते १८३७ या काळात सचखंड श्री हुजूर साहिबची वास्तू उभी राहिली. गुरू नानकांपासून चालत आलेली लंगराची प्रथा या वास्तूबरोबर दख्खनच्या मातीत रुजली. जमिनीवर अंथरलेल्या पट्टीवर सर्वांनी एका रांगेत बसावे, राव आणि रंक यांच्या ताटांत एकच डाळ आणि एकच रोटी पडावी, आणि वाढणाऱ्याने वाढणे हीच सेवा समजावी, असा त्या पंगतीचा नियम. पुढे हैदराबाद–गोदावरी व्हॅली लोहमार्ग १९०० सालच्या सुमारास नांदेडवरून धावू लागला, तेव्हा दूरदूरच्या यात्रेकरूंचा ओघ वाढला. परंपरा असे सांगते की, पंजाबकडे परत जाण्यासाठी नांदेडच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलेल्या बाबा निधानसिंगांना तेथेच गुरूंचा दृष्टांत झाला, अन्नसेवा करण्याची आज्ञा झाली, आणि जायला निघालेला तो साधुपुरुष कायमचा नांदेडकर झाला. गुरुद्वारा लंगर साहिब ही त्यांच्याच सेवेची फलश्रुती. आगगाडीच्या फलाटावर जन्मलेले अन्नछत्र ही घटना मला फार अर्थपूर्ण वाटते. नांदेडच्या सामान्य माणसाने अपरिचिताच्या मांडीला मांडी लावून जेवण्याचा पहिला धडा या पंगतीत घेतला. पण ते अन्न दानाचे होते. पैशाच्या जोरावर, कोणाचे उपकार न घेता, जेवण मागण्याचा अधिकार अजून यावयाचा होता.

तो अधिकार बाजारपेठेने आणला. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फूट रुंदीचा चिमुकला मार्ग १९११ साली लातूरला पोहोचला, आणि नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ साली गंजगोलाईची दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली. मध्यभागी जगदंबेचे मंदिर, भोवती आडत दुकाने, आणि चहूबाजूंनी येणाऱ्या रस्त्यांवर धान्याच्या, मिरचीच्या, गुळाच्या, सोन्याचांदीच्या पेठा. तूर, ज्वारी, करडई, शेंगा घेऊन रात्रीच्या प्रहरी निघालेल्या बैलगाड्या पहाटे गंजात उतरत. सौदा, माप, बारदानाचा हिशोब आणि आडत्याची पट्टी हाती पडेपर्यंत दिवस मावळे, आणि कित्येकदा मुक्कामच पडे. हमाल, मापाडी, गाडीवान, दिवाणजी आणि शेतकरी अशी ही सारी दिवसभर राबलेली माणसे. त्यांना संध्याकाळी तीन दगडांची चूल मांडायला ना सवड होती, ना जागा. त्यांच्यासाठी पेठेच्या आडोशाला खाणावळी निघाल्या. बहुधा एखादी विधवा बाई किंवा गाव सोडून आलेले जोडपे आपल्याच माजघरात चार पाट मांडून त्या चालवी. महिन्याचा हिशोब वहीत राही, आणि निजामाच्या हाली सिक्क्याचे व इंग्रजी कलदाराचे नाणे एकाच डब्यात पडे. परंतु पाटीवर मात्र कोणाची खाणावळ आहे हे ठळक अक्षरांत लिहिलेले असे, आणि पाटी वाचूनच माणूस पायरी चढे. पोटाची सोय झाली, मनाची गाठ सुटली नव्हती.

याच सुमारास चहा आला. मुंबईतून हैदराबादेत आणि हैदराबादेतून लोहमार्गाने निजामाच्या संस्थानच्या जिल्ह्याजिल्ह्यांत पसरलेली इराणी धाटणीची चहागृहे, दाट दुधाचा गोड चहा, खारी बिस्किटे, आणि सायंकाळी मोठ्या पातेल्यात शिजणारी मसालेदार तहरी, यांनी नांदेडच्या वजिराबाद–इतवाऱ्याकडील संध्याकाळींना एक नवेच रूप दिले. तालुकदार कचेरीतील अहलकार, मुनसफ कोर्टातील वकील आणि मुन्शी, उस्मानशाही गिरणीतून पाळी संपवून निघालेला मजूर, असे नाना थरांतील लोक त्या टेबलांभोवती येऊ लागले. मराठी, उर्दू, तेलुगू आणि पंजाबी या चार भाषा एका बाकावर बसल्या, आणि त्यांतूनच नांदेडची ती विशिष्ट, लवचीक, दख्खनी वळणाची बोली घडत गेली. जेवणाच्या ताटाभोवती धर्माचा जो कडेकोट बंदोबस्त होता, तो चहाच्या पेल्याभोवती तितका कडक राहिला नाही. चहा हे धड अन्न नव्हे आणि धड पाणीही नव्हे, अशी स्वतःची समजूत घालून सोवळ्यातली माणसेदेखील बाहेरचा चहा घेऊ लागली, आणि नकळत त्यांनी उंबरठा ओलांडला.

मात्र या कथेचा काळा भाग झाकून ठेवणे हा इतिहासाशी द्रोह होईल. ज्या बाकावर चार भाषा बसल्या, त्या बाकावर गावकुसाबाहेरच्या माणसाला बसता येत नव्हते. त्याच्यासाठी हॉटेलच्या बाहेर खुंटीला वेगळी कपबशी टांगलेली असे; त्याने ती स्वतः विसळायची, वरून ओतलेला चहा उकिडवे बसून प्यायचा, आणि पुन्हा विसळून जागच्या जागी ठेवायची. पैसा त्याचाही तेवढाच खणखणीत होता, पण तोही दुरून टाकावा लागे. पाण्याचा पेला तर त्याला मिळतच नसे. ओंजळीत धार पडे. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न मराठवाड्यातील प्रत्येक हॉटेलच्या खुंटीवर लटकत होता.

त्यात १९४८ साल आले. लातूरचेच वकील असलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी संस्थानात जो कहर मांडला, त्यामुळे कितीतरी कुटुंबांना सरहद्दीपलीकडे आश्रय घ्यावा लागला. आणि १७ सप्टेंबरला पोलीस कारवाई संपून मुक्ती आली, तेव्हा तिच्या पाठोपाठ उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा आणि नांदेड या जिल्ह्यांत निरपराध मुसलमान वस्त्यांना जे भोगावे लागले, त्याची नोंद पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. एकमेकांच्या हातचा चहा पिणाऱ्या माणसांमध्ये इतके अंतर पडल्यावर गावाची संध्याकाळ पुन्हा कशी सुरू होते, हा प्रश्न मोठ्या इतिहासग्रंथांत सापडत नाही. ती सुरू होते ती कोणी तरी भट्टी पेटवतो, कोणी तरी संकोचत बाकावर येऊन बसतो आणि त्याच्यापुढे पेला ठेवला जातो, तेव्हाच. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांनी ही दुरुस्ती निमूटपणे, एकेका संध्याकाळीच केली असली पाहिजे, अशी माझी धारणा आहे.

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, अशी तरतूद आहे. एका प्राचीन राष्ट्राने आपल्या मूलभूत हक्कांच्या सनदेत हॉटेलच्या दाराचा उल्लेख करावा, यावरून ते दार किती जड होते याची कल्पना यावी. १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने या मज्जावाला शिक्षेचीही जोड दिली. खुंटीवरची कपबशी कायद्याने खाली आली. मनातून उतरायला तिला अधिक काळ लागला. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यातील दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांनी ती खुंटी अजून भिंतीत किती खोल ठोकलेली आहे हे दाखवून दिले.

तरीही काळ पुढे सरकत होता. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज निघाले, पुढे लातूरला दयानंद आणि राजर्षी शाहू महाविद्यालये आली, आणि एके काळी वार लावून जेवणारा किंवा माधुकरी मागणारा विद्यार्थी खाणावळीचा हक्काचा गिऱ्हाईक झाला. १९७२ च्या दुष्काळात त्याच ताटांत मिलोची लाल भाकर पडली आणि ती सर्वांनी सारखीच गिळली. आज लातुरात शिकवणीसाठी येणाऱ्या हजारो मुलामुलींची मेस हा एक स्वतंत्र उद्योग झाला आहे, आणि या मेसने एक मोठे परिवर्तन घडवले आहे. एके काळी हॉटेलात बाईमाणसाला जागाच नव्हती. मग ‘फॅमिली रूम’ अशी पाटी आणि पडदा आला. आता वह्या काखोटीला मारलेल्या खेड्यांतील मुली मोकळ्या टेबलावर निर्धास्तपणे जेवताना दिसतात. पडदा केव्हा उतरला, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

अशा ठिकाणचे ताट फार साधे असते. ज्वारीची गरम भाकर, येसर घातलेली झणझणीत आमटी किंवा घट्ट बेसन, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा, आणि हिवाळ्यात अंबाडीची भाजी. वेळ अमावस्येला लातूर–धाराशिवकडचा (पूर्वीच्या उस्मानाबादकडचा) शेतकरी रानात कोपी घालून, वाटेने जाणाऱ्यालाही बोलावून, भज्जी आणि आंबील वाढतो. गल्लीतले हॉटेल मला त्या एका दिवसाच्या औदार्याचे रोजच्या व्यवहारात उतरलेले रूप वाटते. तिथे घाई नसते. तुरीचा भाव, पावसाचा अंदाज, मुलीचे स्थळ, बदली झालेला तहसीलदार, अशा विषयांवरून बोलणे फिरत राहते, आणि बाकावरचा अनोळखी माणूसही चौथ्या वाक्याला आपले मत देऊन जातो.

लातूरच्या पाणीटंचाईत मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली गाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोहोचली, तेव्हा तिने दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आणले होते. ज्या मार्गाने ती आली, तो जवळजवळ बार्शी लाइट रेल्वेचाच जुना मार्ग. ज्या वाटेने लातूरचे धान्य जगाकडे गेले, त्याच वाटेने जगाने लातूरला पाणी पाठवले. ते पाणी कोणत्या जातीच्या नदीचे, हे त्या उन्हाळ्यात कोणीही विचारले नाही. तेव्हापासून त्या गल्लीतल्या हॉटेलात बसलो की मी समोर आलेला पेला लगेच उचलीत नाही. क्षणभर तो दोन्ही हातांत धरतो, शेजारच्याकडे पाहतो, आणि त्याच्याही पुढे तसाच, तेवढाच भरलेला पेला आहे, याची खात्री करून मगच पितो.